सातारचा सरदार हेन्रीच्या दरबारात

पत्र:

ताई, मी सातारा जिल्ह्यातला. सात वर्षं लंडनमध्ये नट म्हणून धडपडतोय. आजवर तीन वेळा टॅक्सीवाला, एकदा डॉक्टर आणि एकदा अतिरेकी झालो. आता एकदम दोन कामं आली आहेत. एक, सोळाव्या शतकातला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याच्या दरबारावरच्या सिनेमात इंग्रज सरदाराचं. नऊ सीन आहेत, शेवटी मुंडकं उडतं. दुसरं, १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश फौजेने बोटींतून माघार घेतली, त्यावरच्या सिनेमात खेचरं सांभाळणाऱ्या हिंदी शिपायाचं. एक सीन, दोन वाक्यं. तारखा एकमेकींवर येतात.

बाबा इतिहासाचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. सरदाराचं सांगितलं तर म्हणाले, "हेन्रीच्या दरबारात आपला माणूस कुठून आला? सोंग आहे हे. उद्या एखाद्या गोऱ्याने तोंडाला रंग फासून आपल्या माणसाचं काम केलं, तर चालेल तुला? करायचंच तर शिपायाचं कर, ते तरी खरं आहे." मी म्हणालो, कलावंताला स्वातंत्र्य असतं. त्यांनी फोन आईकडे दिला. तीन आठवडे झाले, आमचं बोलणं नाही. ताई, चुकतंय कोणाचं? आणि काम कुठलं घेऊ?

— तात्पुरता सरदार

तात्पुरत्या सरदारा,

नऊ सीन आणि शेवटी मुंडकं, म्हणजे चैन आहे तुझी. मी तीस वर्षं नाटकांच्या रंगपटात रंगभूषा केली. चांगलं मरण मिळावं म्हणून लेखकाच्या मागे लागणारे नट मी पाहिलेत.

बाबांचा प्रश्न आधी घेते. तो चांगला प्रश्न आहे, आणि तू त्याचं उत्तर न देता 'स्वातंत्र्य' हा शब्द पुढे करून मोकळा झालास. गोऱ्याने रंग फासून आपल्या माणसाचं काम केलं तर? अरे, केलंय की. १९८४ साली डेव्हिड लीनने 'अ पॅसेज टु इंडिया' काढला. त्यात एक प्रोफेसर गोडबोले आहेत. कुठले, ते आडनावच सांगतं. ते काम केलं सर अ‍ॅलेक गिनेस यांनी, चेहरा रंगवून. त्याच सिनेमात व्हिक्टर बॅनर्जी होते, सईद जाफरी होते, रोशन सेठ होते. तेव्हा हिंदी नट मिळत नव्हते अशातला भाग नाही. हेच गिनेस त्याआधी, १९६२च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त, अरबांचे राजपुत्र फैजल झाले होते. आणि १९५६ साली तर जॉन वेन, काउबॉयपटांचा बादशहा, मिशांची टोकं खाली वळवून चक्क चंगीझखान झाला. तो सिनेमा आज लोक हसायला म्हणून लावतात.

तेव्हा बाबांची 'उद्या'ची भीती कालच घडून गेलीय. आता तुझ्या सरदारात आणि त्या गोडबोल्यांत फरक काय? 'आम्ही केलं तर चालतं, त्यांनी केलं तर नाही' एवढंच म्हणालास तर बाबा तुला जागेवर धरतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

फरक मला दिसतो तो असा. १९३७ साली 'द गुड अर्थ' नावाचा सिनेमा आला. चिनी शेतकऱ्याच्या संसाराची गोष्ट. अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चिनी वंशाची, तेव्हाची नावाजलेली नटी. शेतकऱ्याच्या बायकोचं काम तिला हवं होतं. पण शेतकरी झाला होता पॉल म्युनी, गोरा. आणि हॉलिवूडची तेव्हाची आचारसंहिता गोऱ्या-काळ्यांचा संबंध पडद्यावर दाखवू देत नसे; तिचा धाक आशियाई नटांच्याही डोक्यावर असायचा. म्हणजे चिनी बाईचं काम चिनी नटीला नाही, कारण तिचा चिनी नवरा गोरा होता! ते काम लुईझ रायनरला गेलं आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. वाँग बाहेरच राहिली. तू सरदार झालास म्हणून कुठल्या इंग्रज नटाच्या तोंडावर दार बंद होतंय? हेन्रीच्या दरबारात गोऱ्यांना कामं मिळत नाहीत, असं मी तरी ऐकलेलं नाही.

आपल्याकडचंही सांगते, म्हणजे हा गोऱ्यांचाच रोग वाटायला नको. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात कामाला असलेले साळुंके तारामती झाले. पुढे १९१७च्या 'लंका दहन'मध्ये तर हेच साळुंके राम आणि हेच सीता. प्रेक्षकांनी दोघांनाही मानलं. बालगंधर्वांच्या लुगड्याची आणि दागिन्यांची नक्कल खऱ्या बायका करत होत्या. समोरचा कोण आहे हे पुरतं माहीत असताना तो कोण झालाय यावर विश्वास ठेवणं, ही मराठी प्रेक्षकाची जुनी सवय. तुझ्या इंग्रज सरदाराचा खेळ नेमका हाच आहे आणि बाबांना तो परका वाटायचं कारण नाही. पण मेख इथेच आहे बघ. साळुंके सीता झाले, कारण घरंदाज बाईने तोंडाला रंग लावायचा नाही असा दंडक होता. सोंग तेच. दार कुणासाठी बंद होतं, एवढंच प्रत्येक वेळी विचारायचं.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी एक शिवकालीन नाटुकलं असायचं. वर्गातला सगळ्यांत काळा मुलगा पाचवीपासून दहावीपर्यंत सिद्दी झाला. मी गोरी, म्हणून मी जिजाऊ. त्याचा मूळचा रंग बाईंना कमी पडायचा, म्हणून त्या खोबरेल तेलात काजळी कालवून वर थापायच्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत त्याच्या कानामागे काळं राहिलेलं दिसायचं. तानाजीचे सगळे संवाद त्याला पाठ होते. विंगेत उभा राहून तो ते पुटपुटायचा आणि तानाजी झालेला मुलगा अडखळला की हाच त्याला शब्द पुरवायचा. तानाजी गोरा होता, असं कुठल्या बखरीत लिहिलंय? आणि ज्या सिद्दीसाठी ही काजळी, तो आफ्रिकेतून येऊन जंजिऱ्यावर पाय रोवून कसा उभा राहिला, हे त्या सहा वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. पुढे जिचं औरंगाबाद झालं ती खडकी त्याने वसवली. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. बाबांनी हे वर्गात नक्की शिकवलं असेल. शिकवताना तो दिसायला कसा होता हे सांगितलं का, तेवढं विचार.

आता बाबांची बाजू, कारण ती पुसून चालणार नाही. २०२३ साली नेटफ्लिक्सवर क्लिओपात्रावर मालिका आली, अडेल जेम्स ही कृष्णवर्णीय नटी त्यात राणी. नाट्यमय प्रसंग आणि मधूनमधून अभ्यासकांच्या मुलाखती. म्हणजे 'हे खरं आहे' असा शिक्का मारून. क्लिओपात्राचं टॉलेमी घराणं मॅसिडोनियाचं, ग्रीक. इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने हरकत घेतली. नटीला गलिच्छ शिव्या घालणारे होते त्यांचं सोड, पण माहितीपट म्हणून दाखवाल तर पुरावा मागितला जाणारच. किंवा २०२२चा 'द वुमन किंग' घे. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्यातल्या स्त्री-सैनिकांची गोष्ट. नट्या आफ्रिकी वंशाच्या, रंगाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण सिनेमाचा काळ १८२३, आणि त्यात राजा गेझो गुलामांचा व्यापार सोडून पामतेलाकडे वळायच्या गोष्टी करतो. खऱ्या गेझोने ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केल्यावर १८५२ साली कुठे करारावर सही केली. रंग अचूक आणि इतिहास गोड केलेला. बाबांनी चिडायचं तर इथे चिडावं.

उलट २०१८चा 'मेरी क्वीन ऑफ स्कॉट्स' बघ. त्यात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचा राजदूत रँडॉल्फ झाला एड्रियन लेस्टर, कृष्णवर्णीय. त्यावर केवढी चर्चा! त्याच सिनेमात मेरी आणि एलिझाबेथ समोरासमोर येऊन बोलतात. या दोघी आयुष्यात एकदाही भेटल्या नाहीत. अभ्यासकांनी त्यावरही बोट ठेवलं, पण तो प्रसंग लोकांच्या घशाखाली सहज उतरला, कारण नाटक म्हणून तो हवाच होता. मग एकाच सिनेमात एक खोटं नाटक म्हणून पचतं आणि दुसरं घशात अडकतं, ते का? मला तरी याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात सापडलेलं नाही.

तुझ्या 'स्वातंत्र्या'बद्दलही थोडं. रिडली स्कॉटने २०१४ साली बायबलमधल्या मोझेसवर सिनेमा काढला, मोझेस झाला ख्रिश्चन बेल. टीका झाल्यावर स्कॉट सरळ म्हणाले की प्रमुख भूमिकेत कुणी अनोळखी अरब नावाचा नट घेतला तर एवढ्या बजेटचा सिनेमा उभाच राहत नाही. मला हे प्रामाणिक वाटलं. कलावंताच्या स्वातंत्र्याची दोरी बहुतेक वेळा पैसे घालणाऱ्याच्या हातात असते. इजिप्तने त्या सिनेमावर बंदी घातली, ते मला पटत नाही. चुकीच्या सिनेमावर लिहावं, बोलावं, तिकीट काढू नये. थेटराला कुलूप लावून कुणाचा इतिहास सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि त्या बाबतीत आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी दुसऱ्याला शिकवायला जाऊ नये.

आता त्या शिपायाकडे ये. बाबा म्हणतात ते तरी खरं आहे. अर्धं खरं आहे. डिसेंबर १९३९मध्ये हिंदी सैन्याच्या चार खेचर-तुकड्या फ्रान्समध्ये मार्सेयला उतरल्या. ब्रिटिश फौज मोटारगाड्यांवर गेली होती. थंडीत, चिखलात गाड्या रुतायच्या तिथे ही खेचरं लागायची. एक तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. बाकीच्या बोटीत चढल्या, जनावरं तिथेच सोडून. वर्षानुवर्षं सांभाळलेलं जनावर किनाऱ्यावर सोडून यायचं म्हणजे काय, हे ज्याच्या गोठ्यात बैल होता त्यालाच कळेल. २०१७ साली 'डंकर्क' आला तेव्हा ही माणसं त्यात नव्हती, म्हणून बरंच लिहिलं गेलं, आणि ते रास्त होतं. असलेली माणसं गाळणं हीसुद्धा एक निवडच असते, फक्त ती कुणाला दिसत नाही.

पण सरदारा, ते शिपाई होते कोण? बहुतेक पंजाबी मुसलमान. तू सातारचा. तुझी पंजाबी मी ऐकलेली नाही, पण अंदाज आहे. म्हणजे हेन्रीचा सरदार होणं जेवढं सोंग, तेवढंच हेही. फरक इतकाच की हे सोंग इंग्रज प्रेक्षकाच्या लक्षात येणार नाही, कारण त्याच्या नजरेत आपण सगळे एकाच रंगाचे, म्हणून एकाच गावचे. बाबांच्याही लक्षात आलं नाही, याची मला जास्त गंमत वाटली. ते दोन वाक्यांचं काम घेतलंस तर ती वाक्यं कुठल्या भाषेत आहेत ते आधी बघ. आजच्या हिंदी सिनेमातली हिंदी असेल, तर एखादा पंजाबी बोलणारा माणूस गाठ आणि दुरुस्त करून घे.

बरं, आपला माणूस खरोखर कुठे होता म्हणशील, तर इटलीत. १० जुलै १९४४ला अप्पर टायबर खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या चौकीवर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. माणगाव तालुक्यातला माणूस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर त्याच रेजिमेंटच्या शिपाई नामदेव जाधवांनाही तोच क्रॉस मिळाला. तुमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे आहे, 'मिलिटरी अपशिंगे'. पहिल्या महायुद्धात त्या गावातून गेलेले किती जण परत आले नाहीत, ते तिथल्या दगडावर कोरलंय. यातलं कुणीही मला अजून पडद्यावर भेटलेलं नाही. तुला कधी स्वतःचा सिनेमा लिहावासा वाटला तर हे लक्षात ठेव.

पहिल्या महायुद्धावरच्या, २०१९च्या '१९१७' सिनेमात ट्रकमध्ये एक शीख शिपाई दिसतो. एक इंग्रज नट म्हणाला की हे ओढूनताणून आणलंय, आणि नंतर त्याने माफी मागितली. खरं काय? हिंदी पायदळ १९१५ संपता संपता फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हलवलं होतं, पण हिंदी घोडदळ १९१८पर्यंत तिथेच होतं. म्हणजे शीख तिथे होता. तो त्या ट्रकमध्ये असता का, यावर वाद घाला. हा वाद घालायला माहिती लागते, आणि बाबांसारख्या माणसाला तो घालायला मजा येईल.

हेन्रीच्या दरबारात आपला माणूस नव्हता, हे खरं. पण दरबार नुसता गोरा होता असं बाबा समजत असतील, तर त्यांना वेस्टमिन्स्टर टूर्नामेंट रोल दाखव. १५११ साली हेन्रीला मुलगा झाला, त्या आनंदात घोडेस्वारांचे खेळ झाले, आणि त्यांचं चित्र चामड्याच्या साठेक फुटी गुंडाळीवर काढून ठेवलंय. त्यात घोड्यावरचे सहा तुतारीवाले आहेत. पाच गोरे, उघड्या डोक्याचे. सहावा काळा, डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलेलं. नाव जॉन ब्लँक. गुंडाळीवर तो दोनदा येतो, जाताना आणि येताना. त्याला रोज आठ पेन्स मिळायचे. एक तुतारीवाला वारला तेव्हा याने हेन्रीला अर्ज केला की त्याची जागा मला द्या आणि रोज सोळा पेन्स द्या. हेन्रीने दिले! १५१२ साली ब्लँकचं लग्न झालं तर राजाकडून जांभळ्या कापडाचा झगा आणि टोपी आहेर आला. माणूस काळा होता म्हणून नव्हे, पगारवाढ मागून मिळवली म्हणून मला तो फार आवडतो.

त्याच देशात १५९६ साली राणी एलिझाबेथच्या नावाने लंडनच्या महापौराला पत्र जातं की राज्यात हे काळे लोक फार झालेत, यांना बाहेर पाठवा. दोन्ही खरं आहे. म्हणून दिग्दर्शकाला भेटलास की विचार: दरबारात बिगरगोरा मी एकटा की आणखी कुणी? सगळा दरबार मिसळीचा असेल तर प्रेक्षक पाच मिनिटांत रंग विसरतो, जसे आपण साळुंक्यांच्या मिशा विसरलो. तू एकटाच असशील, आणि शेवटी मुंडकंही तुझंच उडणार असेल, तर प्रेक्षक त्यातून भलतीच गोष्ट वाचेल. दिग्दर्शकाने हा विचार केलाय का, ते त्याच्या चेहऱ्यावर कळेल. निव्वळ रकाना भरायला तुला घेतला असेल तर तेही कळेल. हल्ली असले रकाने असतात. ऑस्करनेही २०२४पासून सर्वोत्तम चित्रपटाच्या स्पर्धेला विविधतेच्या चार निकषांपैकी दोन पुरे करायची अट घातलीय. असो. रकान्यातून आत गेलास तरी नऊ सीन तुलाच करायचेत. रंगभूषेच्या खोलीत तुझ्या वर्णाचं बेस आहे का, ते मात्र पहिल्याच दिवशी बघ. नसेल तर राखेसारखा दिसशील, सरदार नाही. स्वतःचं घेऊन जा, लाजू नकोस.

तेव्हा सरदार घे. शिपाई एका सीनचा आहे, म्हणजे एकदोन दिवसांचं काम. एजंटला तारीख सरकते का ते विचारायला लाव, पुष्कळदा सरकते. नाहीच सरकली तर एखाद्या पंजाबी मित्राचं नाव सुचव आणि त्याला खेचरांची गोष्ट नीट सांग.

बाबांना फोन करशील तेव्हा सिनेमा जिंकायला जाऊ नकोस. जॉन ब्लँकचं चित्र पाठव, खाली काही लिहू नकोस. दोन दिवसांत त्यांचाच फोन येईल, त्यातल्या घोड्यांच्या झुलीत काहीतरी चूक सापडली म्हणून. निवृत्त शिक्षक आहेत, राहवणार नाही. मग शहाजीराजे आणि मलिक अंबर यांचं पुढे काय बिनसलं ते विचार आणि ऐकत बस.

आणि कपड्यांच्या ट्रायलला गळ्याकडे लक्ष दे. ताटलीएवढी गोल झालर दिली तर ती एलिझाबेथच्या काळची. हेन्रीच्या दरबारात सदऱ्याच्या गळ्याला बारीकशी चुणी असायची. वेशभूषावाल्यांना हळूच सांगून बघ. ऐकलं नाही, तर बाबांना पाठवायचा फोटो हनुवटीच्या वरचाच काढ.

— ताई